पहिला शेजार

वेसेलनं दार वाजवलं नाही. मागच्या दारानं चिखलाच्या गमबुटांसकट आत आला आणि माझ्या स्वयंपाकघरात मधोमध उभा राहिला. "काकू, मुलगी झाली. फेने नाव ठेवलंय. आधी तुमच्याकडंच आलो," म्हणाला, आणि सहा फुटी गडी लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला बसवलं, कॉफी दिली, फरशी नंतर पुसली.

बातमी आधी आमच्याकडं यायची ही रीतच आहे. त्यांच्या अंगणातून निघालं की पहिलं घर आमचं, म्हणून आम्ही त्यांचा पहिला शेजार. आमच्या एल्सबेक वाडीची सात घरं या शेजारधर्मानं बांधलेली आहेत. जन्म असो, मयत असो, गोठ्याला आग लागो, हातातलं टाकून जायचं. आणि एरवी? एरवी बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात नाक खुपसायचं नाही. हेही त्याच धर्मात बसतं. मी येनेकन, सदुसष्ट वर्षांची. चव्वेचाळीस वर्षं हा धर्म पाळत आले. चांगला पाळला असं मला वाटायचं.

दहाव्या दिवशी आम्ही पाव नेला. मनुका घातलेला, माणसाएवढा लांब पाव, शिडीवर आडवा ठेवून, शिडी चौघांच्या खांद्यावर. पुढं माझा नवरा बेरेंड. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, म्हणून पावावर गुरांचा मुरघास झाकायचं प्लास्टिक टाकलं होतं. त्यावरून वाटेत सगळ्यांनी हसून घेतलं.

मारिट खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, निळा ब्लाउज, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तिची सासू हर्मिना टोस्टवर लोणी फासून वर बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पसरत होती आणि कुणी कुठं बसायचं ते सांगत होती. हर्मिना राहते अंगणापलीकडच्या लहान घरात, पण कारभार दोन्ही घरांचा करते.

"नाक वेसेलचं घेतलंय गं पोरीनं!" शेजारची गेझिना म्हणाली. "आता नवरा कुठला मिळायचा!"

"का? वेसेलला नाही का मिळाली बायको?" बेरेंड म्हणाला, आणि सगळं घर हसलं. मारिटही हसली. ती सगळा वेळ हसतच होती. आम्ही आलो तेव्हा जे हसू होतं तेच आम्ही निघालो तेव्हाही होतं. मूल रडलं की ती आधी हर्मिनाकडं बघायची आणि मग उचलायची. मी हे बघितलं. खोटं कशाला बोलू, चांगलं बघितलं. आणि पावाचा दुसरा तुकडा घेतला, वर लोणी लावून घेतलं. आमचा धर्म झाला होता. घरी आलो.

तो वसंत कसला, नुसता चिखल होता. एप्रिल गेला, मे लागला, गाई गोठ्यातच. शेतात ट्रॅक्टर घालावा तर चाकं आसापर्यंत रुतायची. गवत गुडघ्याच्या वर गेलं, लोळायला लागलं, पण कापता येईना. शेणाच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या. पुरुषमाणसं दिवसातून दहादा दारात येऊन आभाळाकडं बघायची आणि आत जाऊन बायकांवर खेकसायची. वेसेलच्या साठ गाई. पहाटे पाचला गोठ्यात जायचा तो अंधार पडल्यावर घरात यायचा, ताटातच झोपायचा.

मारिट मूळची इथली नव्हे. वरच्या मुलखातली, लहानपणीच आई गेलेली. पण चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती हातगुण घेऊनच आली. गोठ्यातली वासरं आल्या दिवसापासून तिची. एखादं वासरू पीत नसलं की आमचंसुद्धा तिच्याकडं जायचं. गुडघ्यावर बसायची, दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची, चोखायला लागलं की हळूच हात दुधाच्या बादलीत बुडवायचा. काय कुजबुजायची कुणास ठाऊक, वासरू प्यायला लागायचं. बेरेंड म्हणायचा, ही पोरगी दगडाला पाजेल.

तर ही मारिट बाळंतपणाला पुरते तीन आठवडे झाले नाहीत तोच मला अंगणात दिसली. पावसात, डोक्यावर काही नाही, दोन हातांत दोन भरल्या बादल्या. ब्लाउज पुढून भिजलेला, तो काही पावसानं नव्हे.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं? टाके तरी सुकलेत का?"

"वासरांचं मी करते काकू. एवढंच करते."

"काही नको करायला. बाळंतीण आहेस तू. ठेव ते खाली."

"मला जमतं हे," ती म्हणाली. "हे जमतं मला."

मी एक बादली धरली. तिनं कडी सोडली नाही. दोघी कडीला धरून उभ्या, दूध हिंदकळून पायावर. मग मी ओढली. मी अजूनही दणकट बाई आहे. ती सुटल्या हाताकडं बघत उभी राहिली आणि मग घरात गेली.

मला काय वाटलं असेल? मी मनात स्वतःलाच शाबासकी दिली. त्याच दिवशी मी बायकांना माझ्या स्वयंपाकघरात जमवलं आणि कागद केला. सोमवारी सकाळी गेझिना, संध्याकाळी मी, मंगळवारी योब्के, अशी सगळ्या आठवड्याची वासरं वाटून टाकली. धुणं हर्मिनाकडं, रांधणं पाळीपाळीनं. कागद नेऊन मारिटच्या फ्रिजवर चिकटवला.

"बघ," हर्मिना तिला म्हणाली. "आता तुला कसलंच काम नाही. बसायचं आणि पोरीकडं बघायचं. आमच्या वेळी असं कुणी केलं नाही हो."

मारिटनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. तिचं नाव त्यात कुठंच नव्हतं. "फार केलंत," ती म्हणाली आणि तेच हसू हसली.

त्यानंतर रोज दोनदा आमच्यापैकी कुणीतरी तिच्या खिडकीवरून वासरांकडं जायचं. ती खिडकीत बसलेली असायची. हात हलवायची. निळा ब्लाउज. एक दिवस आम्ही तिघी आत गेलो तर ती फेनेला अंघोळीनंतर पुसत होती. मूल टाहो फोडत होतं. हर्मिनानं तिच्या हातातून टॉवेल घेतला. "असं नाही, मान सांभाळ की. इतकी वासरं जगवलीस, एक पोर जमेना होय तुला?" आम्ही हसलो. मीही हसले. मारिट बाजूला सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुणीतरी येऊन घेऊन जाण्याची वाट बघत जनावर उभं राहतं, तशी.

बाळाचं वजन करायला मी त्यांना गाडीतून गावच्या केंद्रात नेलं. वेसेलला वेळ नव्हता. हर्मिना पुढं बसली, मारिट मागं पोरीबरोबर. वजन छान भरलं. तिथल्या नर्सनं आईसाठी म्हणून एक कागद दिला. दहा प्रश्न, पुढं चौकोन, खुणा करायच्या. हसू येतं का, झोप लागते का, भीती वाटते का, असलं काहीतरी. हर्मिना तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या.

"हे आणि काय?" हर्मिना म्हणाली. "आम्हाला कुणी विचारलं नव्हतं आम्ही कशा आहोत म्हणून. तरी झालीच पोरं."

मारिट भराभरा खुणा करत गेली. सगळ्या पहिल्याच, सगळं ठीक म्हणणाऱ्या चौकोनात. शेवटच्या प्रश्नाशी पेन थांबलं. मला चष्म्याशिवाय तो वाचता येत नव्हता. पेन किती वेळ थांबलं होतं सांगू? मी माझ्या कोटाची सगळी बटणं लावून झाली, तरी ते तिथंच होतं.

"आटप गं, गाडी भलत्या जागी लावलीय हिनं," हर्मिना म्हणाली.

मारिटनं पहिल्या चौकोनात खूण केली. नर्सनं कागद बघितला, "वा, छानच आहे सगळं," म्हणाली आणि फाईलला लावला. मी गाडी आणायला गेले.

मे संपत आला तेव्हा बेरेंड एका दुपारी खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "तिकडं दोरीवर लंगोट तीन दिवस भिजताहेत. तेच आहेत. मी मोजलेत."

"धुणं हर्मिनाकडं आहे."

"हर्मिना सर्दीनं पडलीय. जाऊन ये की जरा."

"बोलावलं तर जाईन. उगाच बाईला वाटायला नको की आपण तिच्या दोरीवर डोळा ठेवून आहोत."

बेरेंड खिडकीपासून बाजूला झाला. माझ्यापुढं तो कधीच फार बोलत नाही. बोलला असता, चांगला ओरडला असता, तर बरं झालं असतं.

मग एका गुरुवारी ऊन पडलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. रेडिओनं सांगितलं, शुक्रवारी रात्रीपर्यंत कोरडं, पुढं पुन्हा पाऊस. झालं. सात घरांतली झाडून सगळी यंत्रं शेतात उतरली. एल्सबेकभर कापलेल्या गवताचा वास आणि इंजिनांची घरघर. अशा दिवशी इथं कुणी मेलं तरी त्यानं थांबावं अशी अपेक्षा असते. बेरेंड सहालाच गेला. मी मळ्यातले रुबार्बचे आंबट दांडे काढून आणले आणि टेबलाशी चिरत बसले.

दहाच्या सुमारास मागच्या दारानं मारिट आली. बाळगाडीत फेने, हातात एक भलीमोठी पिशवी. केस धुतलेले. चेहरा इतका मोकळा की मला बरंच वाटलं.

"काकू, फेनेला ठेवू का थोडा वेळ? वेसेलला जेवण देऊन येते शेतात."

"ठेव की. विचारतेस काय."

तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली, वर एक कागद. किती वाजता दूध, किती, पोट दुखलं तर कसं धरायचं. अक्षर एकदम नीट.

"तुम्ही पहिला शेजार ना," ती म्हणाली. "म्हणजे घरात काही झालं तर मूल आधी तुमच्याकडं येतं. ना?"

"घराला आग लागली तर!" मी म्हणाले. रुबार्बची साल ओढत, खाली बघत. "लावतेयस की काय आग? लाव, पण आधी हर्मिनाला बाहेर काढ, नाहीतर ती तुला जळतानासुद्धा शिकवत बसेल."

मारिट हसली. खरं हसली. मग ती गाडीवर वाकली, पोरीची टोपी सारखी केली आणि गेली. मी अजून दोन दांडे चिरले. माझ्याच विनोदावर मी हसत होते, देवाशपथ.

मग फेने कुरकुरली म्हणून बाटली काढायला पिशवी उघडली. वर लंगोट, झबली, बाटल्या. त्याखाली थोडे मोठे कपडे. त्याखाली आणखी मोठे. तळाशी बर्फात घालायचा जाड सूट, दीड वर्षाच्या पोराला येईल एवढा.

दोन अडीच महिन्यांच्या पोरीला थोडा वेळ ठेवायचं, आणि हा सूट? मी तो हातात धरून उभी राहिले. आणि मग डोळ्यांसमोर आलं, ती दारातून गेली तेव्हा तिच्या हातात जेवणाचा डबा नव्हता.

मी धावले. सदुसष्टाव्या वर्षी बाळगाडी ढकलत, घरातल्या सपाता घालून, शेतरस्त्यानं. चाकं चिखलाच्या चाकोरीत अडकायची, उचलून पुढं घालायची. फेने आत हिंदकळून गप्प झाली होती. लांब वेसेलचा ट्रॅक्टर फिरताना दिसत होता, एकटाच. त्याच्याजवळ कुणी नव्हतं. मी ओरडले, हात हलवले. त्याला वाटलं मी नमस्कार करतेय. त्यानंही हात हलवला.

त्यांच्या अंगणात शिरले तर एक वासरू हंबरत होतं. पिढीजात हट्टी असतं एखादं, तसं, सतत. आणि ते एकदम थांबलं. वासरू भुकेचं असलं की आपणहून थांबत नाही, हे मला सांगायला कुणी लागत नाही.

वासरांच्या गोठ्यात, पेंढ्यात, मारिट बसली होती. कोट अंगात. वासरू तिची दोन बोटं चोखत होतं. बादली नव्हती, दूध नव्हतं, नुसती बोटं.

तिनं वर बघितलं. "फेने कुठंय?"

"दारात. गाडीत."

"तिला आणायला नको होतं काकू."

मी एक बादली पालथी घालून बसले. छातीत भाता चालला होता. मयताला काय बोलायचं ते ठाऊक आहे, बारशाला ठाऊक आहे, याला आमच्यात शब्दच नाहीत. मग मी जे होतं तेच विचारलं.

"पोरी, जीव द्यायला निघाली होतीस?"

"हो."

"आणि इथं कशी?"

"याचा आवाज आला." ती वासराकडं बघत होती. "याला सकाळचं नीट पाजलं नाही कुणी. घाईत गेल्या असतील."

त्या सकाळी पाळी माझी होती. ऊन पडलं म्हणून मी बादली ठेवून पाच मिनिटांत पळाले होते.

मग ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, फेनेकडं बघून काही वाटत नाही. रडू लागली की अंगाला घाम फुटतो. ती झोपली की मला झोप येत नाही, मध्येच ती मेली असेल असं वाटतं, आणि एकदा वाटलं, बरंच होईल, सुटेल. ते वाटल्यापासून पोरीला हात लावायची भीती बसली. "तुम्ही सगळ्या इतकं नीट करता. तिला माझ्यापेक्षा कुणीही चालेल. सकाळ संध्याकाळ इथं यायचे तेवढा वेळ मला मी कोण ते कळायचं. मग तुम्ही कागद केलात."

"मला काय ठाऊक, बाई."

"मी बादली सोडत नव्हते," ती म्हणाली.

मी तिचा दुसरा हात धरला, घट्ट, आणि मोकळ्या हातानं एप्रनमधला फोन काढून आमच्या डॉक्टरीणबाईंना लावला. त्या वीस मिनिटांत आल्या. आपल्या चांगल्या बुटांनिशी पेंढ्यात खाली बसल्या आणि एक एक विचारत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "मारिट, हा आजार आहे. बाळंतपणानंतर येतो, बऱ्याच जणींना येतो, आणि यातून माणूस उठतं. आज एकटं राहायचं नाही. शहरात आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवतात, मी तिथं बोलते."

"तिला माझ्याजवळ ठेवतील?" मारिटनं विचारलं. "भीती नाही वाटायची त्यांना?"

"जवळच ठेवतील. कुणीतरी सोबत असेल."

वेसेलला मी शेतात जाऊन आणलं. ट्रॅक्टर तिथंच, इंजिन चालू. तो आला आणि गोठ्याच्या दारात थांबला, पुढं येईना. "मला वाटलं दमलीय," तो म्हणाला. "सगळेच दमतात." मग चिखलाच्या हातांनी त्यानं तिचे खांदे धरले, आणि तिच्या कोटावर दोन काळे पंजे उमटले.

तेवढ्यात हर्मिना आली, नाकाला रुमाल लावून. सगळं ऐकलं. रंग उडाला तिचा, ते मी बघितलं, पण तोंडातून निघालं ते असं: "रक्त कमी झालंय म्हणून सांगू. रक्त चढवायला नेलंय. लोकांना एवढं पुरे."

डॉक्टरीणबाई आपल्या मोटारीत फेनेची बाळगाडीतली टोपली बांधत होत्या. मी मारिटच्या बाजूच्या खिडकीशी गेले. घरोघरी निरोप न्यायचं काम माझं होतं, पहिल्या शेजाऱ्याचंच असतं. पण गोष्ट तिची होती. "पोरी, घरोघरी काय सांगू? तू म्हणशील ते सांगते. रक्त म्हणालीस तर रक्त."

तिनं फेनेच्या टोपलीकडं बघितलं. "आहे ते सांगा," म्हणाली. "नाहीतर परत आले की मला पुन्हा खिडकीत बसून हसावं लागेल."

गाडी गेली. हर्मिना अंगणात माझ्यासमोर उभी राहिली. "येनेकन, आमचं घर रस्त्यावर मांडतेयस तू. पन्नास वर्षं आमच्या नावाला बोट लावलं नाही कुणी."

"घरातल्या बाईनं सांगितलंय."

"घरातली बाई मी आहे!"

"नाहीयेस," मी म्हणाले. मला तिची कीव आली होती, पण आवाज कठोरच निघाला. "पोरीच्या बाटल्या माझ्याकडं राहिल्यात. त्या घेऊन वेसेलबरोबर शहरात जा. काहीतरी उपयोगाचं कर."

घरी जाऊन मी सपाता टाकल्या, बूट घातले, मयताचा निरोप न्यायचा काळा कोट चढवला. जन्म आणि मरण, दोनच निरोप आमच्यात असे जातात. चालत, ठरलेल्या क्रमानं, दारात उभं राहून सांगायचे. जिवंत आजारी माणसाचा निरोप असा कुणी कधी नेला नव्हता. नेला तर कसा सांगायचा तेही ठरलेलं नव्हतं.

पहिलं दार गेझिनाचं. कोट बघून तिचा हात तोंडावर गेला. मी सांगितलं, मारिट मनानं आजारी आहे, बाळंतपणातून आलंय, आज जीव द्यायला निघाली होती, आता दवाखान्यात आहे. गेझिनाचे हात साबणाचे होते. ते तिनं बराच वेळ पुसले. "आमच्या धाकट्याच्या वेळी मला झालं होतं," ती म्हणाली. "पाठ धरलीय म्हणून सांगायचे मी सगळ्यांना. दोन वर्षं. तू मला पाठीला चोळायचं लिनीमेंट आणून दिलं होतंस." मला आठवलं. चांगलं उग्र वासाचं होतं ते.

पुढचा लाम्बर्ट. तो शेतात होता, मला बघूनही थांबेना. मी त्याच्या कापणीच्या यंत्रासमोर जाऊन उभी राहिले. "बाजूला हो काकू! उद्या रात्री पाऊस आहे!" मी हलले नाही. त्यानं इंजिन बंद केलं. ऐकून घेतलं, कॅबमधून खाली न उतरता. मग एवढंच विचारलं, "वेसेलचं किती कापायचं राहिलंय?" आणि आपलं शेत अर्धं सोडून यंत्र तिकडं वळवलं. तोही आमचाच. हातानंच बोलणार. मी त्याला नावं कुठल्या तोंडानं ठेवू?

त्यापुढं आणखी एक घर, तिथं कुणी नव्हतं, तिथं परत यावं लागणार होतं. मग योब्के. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "असलं दारात उभं राहून सांगतात होय? लाज नाही वाटत?" आणि दार लावलं. मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा ते उघडलं. "आता वासरांचं कसं? माझे दोन दिवस वाढवू का?"

"नको," मी ओरडले. "कागद फाडला मी. ती येईपर्यंत वेसेल बघेल. आली की वासरं तिची."

"मग आम्ही काय करायचं?"

"तिच्याजवळ जाऊन बसायचं!"

"नुसतं?" योब्के म्हणाली. मी हो म्हणाले. ती दारात तशीच उभी राहिली.

फेरी फिरून पुन्हा आमच्याच कुंपणाशी येते. शेवटचं घर फ्रेरिकचं, त्याचाही पहिला शेजार आम्हीच. फ्रेरिक ऐंशीचा, एकटा. बाकावर बसून विळ्याला धार लावत होता. काळा कोट लांबूनच दिसला त्याला. उठला, टोपी काढून छातीशी धरली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, फ्रेरिक. म्हणूनच आले." आणि मी चौथ्यांदा सगळं सांगितलं. मारिट, मनानं आजारी, बाळंतपणातून आलेलं, जीव द्यायला निघाली होती, दवाखान्यात आहे, पोर जवळ आहे, जिवंत आहे.

तो टोपी घालेना. विळा बाकावर नीट ठेवला.

"मग ग्रीता होती तेव्हा का नाही आलीस?"

ग्रीता त्याची बायको. एकोणचाळीस वर्षं झाली. त्यांचं मूल चार महिन्यांचं होतं तेव्हा ती कालव्यात सापडली. मी अठ्ठावीसची होते. त्या हिवाळ्यात मी तिला रोज कुंपणापलीकडं बघत होते. दारात उभी असायची, कोट न घालता, तासन् तास. बोलावलं नव्हतं, म्हणून मी गेले नाही. ती गेली तेव्हा माझी सासू म्हणाली, पाय घसरला म्हणून सांग, आणि मी हाच कोट घालून सगळ्या घरांना तसं सांगून आले. शेवटी याच दारात येऊन फ्रेरिकलाही मीच म्हणाले होते, कालव्याचा काठ फार निसरडा झालाय हो यंदा.

मी फाटकाला धरलं.

"फ्रेरिक, ग्रीताचा पाय घसरला नव्हता. मला तेव्हाही ठाऊक होतं."

तो पुन्हा बाकावर टेकला.

"मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण मला वाटत होतं, मला एकट्यालाच आहे."

त्याचा चेहरा हलला आणि तो मोठ्यानं रडायला लागला, टोपी तोंडावर दाबून. काळ्या कोटात निरोप आणणाऱ्यानं बसायचं नसतं, उभ्याउभ्या सांगून परतायचं असतं. मी फाटक उघडून आत गेले आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले.